लागला होता, मला विचारा

मी एक जुना खांब आहे. खांबाला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरच आहे. मित्रांनो, मी आयुष्यात कुठे गेलो नाही, काही कमावलं नाही. एका जागी उभा राहिलो आणि लोकांच्या शिव्या ऐकल्या. त्या मला नव्हत्या, एवढीच काय ती सवलत.

मी नदीकाठच्या तांबड्या निलगिरीचा. वाराकूल गावच्या लोकांनी मला तोडलं, सोललं, फुटबॉलच्या मैदानाच्या टोकाला पुरलं आणि पांढरा रंग दिला. गव्हाची कोठारं सोडली तर गावात माझ्याइतकं उंच दुसरं काही नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. तरुण खांबांना असतो.

आमचा फुटबॉल तांबड्या, लांबट चेंडूचा. मैदानाच्या प्रत्येक टोकाला चार खांब असतात, मधले दोन उंच आणि कडेचे दोन बुटके. मी उंचांपैकी. आम्हा दोघा उंचांच्या मधून चेंडू पार झाला की गोल, सहा गुण. उंच आणि बुटक्याच्या मधून गेला की एक गुण; जवळपास आल्याबद्दलचं सांत्वन म्हणा. आणि उंच खांबाला नुसता घासून आत गेला, तरी एकच गुण. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, कारण त्यानं एका घरात अबोला आणला.

निकाल देणारा गोलपंच पांढरा कोट घालून आम्हा दोघांच्या मध्ये उभा असतो. गोल झाला की तो दोन झेंडे हलवतो, एक गुण असेल तर एक. शनिवारी मैदानाच्या कुंपणाला नाक लावून गाड्या उभ्या राहतात. आपला गोल झाला की लोक हॉर्न वाजवतात. समोरच्यांचा झाला की काच खाली करून पंचाशी बोलतात.

माझ्या बरोब्बर मागे बार्नी ट्रेझाइसची पिकअप असायची. बार्नी मेंढ्या पाळायचा, गहू करायचा, क्लबची डागडुजी करायचा, आणि उरलेला वेळ पंचांसाठी राखून ठेवायचा. जागा जाऊ नये म्हणून शुक्रवारीच गाडी लावून तो घरी चालत जायचा. स्वतः त्यानं कधी शिट्टी हातात धरली नव्हती. नियम मात्र सगळे पाठ.

आमच्याकडे एखाद्याला धरलं आणि त्यानं चेंडू सोडला नाही, तर ती त्याची चूक. मग अख्खं मैदान एका सुरात ओरडतं, "बॉऽऽल!" समोरच्या खेळाडूला धरलं तर. आपल्याला धरलं तर तेच मैदान म्हणतं, "अरे, श्वास तरी घेऊ दे त्याला!"

"मागच्या शनिवारी तू याच्या उलट म्हणत होतास," बार्नीची बायको व्हर्ना थर्मासमधला चहा ओतत एकदा म्हणाली.

"मागच्या शनिवारी तो आपला होता," बार्नी म्हणाला. त्याला यात काही विसंगत वाटलं नाही. मलाही सवयीनं वाटेनासं झालं होतं.

हळूहळू पंच मिळेनासे झाले. ते का मिळत नाहीत यावर लोकांनी बरीच चर्चा केली, तीही पंचांना शिव्या देता देता. शेवटी असं ठरलं की गोलपंच ज्या त्या क्लबानं आपल्यातलाच द्यायचा. त्यासाठी क्लबात सभा भरली. नाव कोण देतं असं विचारल्यावर सगळे एकदम आपापले बूट बघायला लागले. पोस्टात काम करणारी लोर्ना प्राउझ तेवढी समोर बघत होती. अशा प्रकारे ती गोलपंच झाली. तिचा मुलगा ब्रेडन आमच्याच संघात पुढच्या फळीत खेळायचा.

लोर्ना चांगली पंच होती. म्हणजे, आपल्या लोकांना ती फारशी आवडत नव्हती.

त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, समोर निलगुम गावचा संघ, आणि मैदान आमचं. शुक्रवारी खांबांना रंग द्यायला सगळ्यांनी यायचं ठरलं होतं. कोणी आलं नाही. शनिवारी सकाळी बार्नी एकटा शिडी घेऊन आला आणि पुटपुटत मला रंग देऊन गेला. क्लबातला पांढरा संपला होता, म्हणून त्यानं स्वतःच्या मेंढ्या कातरायच्या शेडचा उरलेला रंग आणला, सायीसारखा पिवळसर. आभाळ भरून आलेलं. रंग दिवसभर वाळला नाही.

शेवटचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. पण त्याआधी ब्रेडननं हवेत उडी मारून चेंडू झेलला होता, आणि असा झेल घेतला की भोंग्यानंतरही एक लाथ मिळते. सगळ्या गाड्या गप्प झाल्या. ब्रेडन धावत आला. चेंडू उंच उठला, वाऱ्यानं जरा माझ्याकडे वळला, माझ्या डोक्याजवळच्या ओल्या रंगाला घासला, आत गेला आणि बार्नीच्या गाडीपुढच्या चिखलात पडला.

हॉर्न सुरू झाले. लोर्नानं एक बोट वर केलं. मग एक झेंडा उचलला.

हॉर्न एकेक करून थांबले आणि काचा खाली गेल्या.

"लोर्ना! अगं डोळे पोस्टात ठेवून आलीस का?" बार्नी कुंपणावर चढला. "तुझाच पोरगा आहे तो!"

"लागला, बार्नी."

"कशाला लागला? वाऱ्याला?"

"खांबाला."

"खांब येऊन सांगून गेला का तुला?"

मी सांगितलं होतं, मित्रांनो. 'टक्' असं. लोर्नानं ते ऐकलं, कारण त्या क्षणी मैदानात फक्त तीच ऐकत होती. बाकीचे सगळे ओरडायला तोंड उघडून तयार होते.

ब्रेडन तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "आई, बदल ना. कोणी ऐकलं नाही."

"मी ऐकलं रे."

"सगळं गाव म्हणतंय गोल आहे. तू एकटीच नाही म्हणतेस. माझ्या वेळीच नेमकं?"

"लागला, ब्रेडन. मी काय करू?"

"नको करूस काही," तो म्हणाला, आणि बूट हातात घेऊन अनवाणी निघून गेला. हिवाळा सरायच्या आत तो पश्चिमेकडे खाणीत कामाला गेला. लोर्ना फोन करायची. तो उचलायचा नाही. इकडे बेकरीत तिला मटणाचा पॅटिस मिळायचा, वर सॉस मिळायचा नाही. पत्रं तिच्याच हातून घ्यायची असल्यामुळे लोक तिच्याशी पत्रापुरतं बोलायचे.

बार्नीनं चिखलातला चेंडू उचलला, तसाच काचेच्या पेटीत ठेवला आणि क्लबाच्या भिंतीवर लावला. खाली पाटी: 'चोरलेला चषक'. कोणीतरी चेंडू पुसायला गेलं, तर तो ओरडला, "हात लावायचा नाही! चिखलाचा कण हलता कामा नये. पुरावा आहे तो!"

संध्याकाळी पाऊस आला. माझा रंग ओघळला आणि चेंडूची खूण त्यात वाहून गेली. तोवर कोणी वर बघितलं नव्हतं.

वर्षं गेली. लोखंडी खांब आले. मला कापून क्लबाच्या खिडकीखाली बाक केलं. लोक माझ्यावर बसून पॅटिस खातात, सॉस सांडतात आणि पंचांबद्दल बोलतात, तेव्हा घर बदललं असं म्हणता येत नाही. मला रंग कोणी देत नाही. लोर्ना मात्र पंच म्हणून उभी राहत गेली, लहान मुलांच्या सामन्यांना. दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून. आता मुलांचे आईबाप काचा खाली करतात.

मग त्या जुन्या संघाचं स्नेहसंमेलन झालं. ब्रेडन आला, केस विरळ, अंगानं सुटलेला. आईकडे न जाता सरळ क्लबात आला. खिडकी उघडी होती, मी सगळं ऐकलं.

"ये पोरा, बघ तुझा गोल," वाकलेल्या बार्नीनं पेटी भिंतीवरून काढली आणि टेबलावर ठेवली. ठेवताना ती आपटली. इतक्या वर्षांचा सुकलेला चिखल पापुद्र्यासारखा सुटून पेटीच्या तळाला पडला.

तांबड्या कातड्यावर एक पट्टा होता. सायीसारखा पिवळसर.

व्हर्नानं चष्मा लावला. "बार्नी, हा तर आपल्या शेडचा रंग."

बार्नीनं पेटी उचलून उजेडात धरली. मला वाटलं, आता तो बोलेल. तो बोलला.

"मग नियमच चुकीचा आहे," तो म्हणाला. "आत गेला ना? आत गेला की गोल. मध्ये खांबाचा काय संबंध?"

"बरोबर!" चार जण एकदम म्हणाले. "कोणी केला हा नियम?" आणि क्लबात पुन्हा पहिल्यासारखा आवाज सुरू झाला.

ब्रेडन बाहेर आला. माझ्यावर क्षणभर बसला. मग उठून मैदानाच्या कडेनं पलीकडच्या टोकाला गेला, तिथे लहान मुलांच्या सामन्यात लोर्ना पांढऱ्या कोटात लोखंडी खांबांमध्ये उभी होती. तो तिच्याजवळ जाऊन काहीतरी म्हणाला. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"बाजूला हो," ती म्हणाली. तिचा आवाज इथवर आला. "चेंडू येतोय."

तो बाजूला झाला. तिनं एक झेंडा उचलला. लगेच एका गाडीतून आवाज आला, "ए म्हातारे, दिसतं का तुला?" ब्रेडननं दुसरा झेंडा जमिनीतून उपटला, त्या गाडीपाशी गेला आणि तो खिडकीतून आत धरला. "घ्या. पुढचा तुम्ही बघा."

काच वर गेली.

मित्रांनो, माझी विनंती लहानशी आहे. पंचाला शिव्या द्यायच्याच असतील तर द्या, त्याशिवाय तुमचा शनिवार जायचा कसा? पण आधी एक शिडी लावा आणि खांब बघून या. शिडी मिळत नाही असं सांगू नका. त्या दिवशी ती आमच्या मैदानावरच होती. सकाळी रंग देऊन झाल्यावर बार्नीनं ती पिकअपजवळ कुंपणाला टेकवून ठेवली होती, आणि ओरडताना तो तिच्याच पायरीवर पाय देऊन कुंपणावर चढला होता.