लिफाफ्यातली अमावस्या

अमरेश सरांचा हात ऑपरेशनात हलका, आणि लिफाफ्यांच्या बाबतीत त्याहून चपळ. लातूरच्या त्या दवाखान्यात हर्नियाचा अभ्यास चालला होता. पोटात बसवलेली जाळी टाक्यांनी शिवली तर मागाहून कमी दुखतं, की गोंदानं चिकटवली तर? कुणाला काय, ते बंद लिफाफ्यातल्या चिठ्ठीनं ठरवायचं. पण सर लिफाफा एक्स-रे बघायच्या उजेडाच्या पेटीवर धरायचे आणि आतली अक्षरं चांदण्यांसारखी लुकलुकायची. नको ते दिसलं की तो लिफाफा खाली, पुढचा वर. सडपातळ, हसऱ्या माणसाला सरांचा लाडका गोंद. ढेरपोट्या, खोकणाऱ्याला टाके.

अभ्यासाचं काम बघणारी रेणुका सिस्टर मनात म्हणाली, एका वाफ्याला पाणी, दुसऱ्याला ऊन, अन् वर म्हणायचं बियाणं भारी!

तिनं अभ्यासाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमना सांगितलं. मॅडमनी तेवढे पेशंट हिशेबातून वगळले आणि नवे लिफाफे भरायला घेतले. रेणुकानं अडगळीतून जुन्या एक्स-रे फिल्मच्या पाकिटातला, उजेड आरपार न जाणारा काळा कागद हुडकून दिला. प्रत्येक चिठ्ठी त्यात गुंडाळली गेली.

नव्या लिफाफ्यांचा पहिला पेशंट मुखेडहून एसटीनं आला. रेणुकाचेच वडील, ग्यानोबा.

"माय, लिफाफे तुझ्याच ताब्यात हायत म्हणं. बापासाठी चांगला काढ की."

"बाबा, चांगला कोणता हे ठाऊक असतं तर लिफाफे कशाला लागले असते?"

बोलली खरी, पण बापाला कमी दुखावं असं कोणत्या लेकीला वाटत नाही?

तेवढ्यात सरांनी लिफाफा पेटीवर धरला. उलटा केला. डोळे बारीक केले.

"सिस्टर, ह्यात काय घातलंय?"

"अमावस्या, सर."

सर खजील होऊन हसले. "अगं, तुझे वडील हायत. गोंदच लावू, माझं ऐक."

रेणुकानं सरांच्या हातातून लिफाफा काढून घेतला. मग तिनं तो बदलता येऊ नये म्हणून त्याच्या जोडावर बापाची सही घेतली. "आत भूल दिल्यावरच फोडा, सर. मला बी सांगू नका. तीन महिने दुखतंय का हे मीच इचारणार हाय."

"लई कडक हाय माझी लेक," ग्यानोबा स्ट्रेचरवरून म्हणाले. "लग्नात नवरा बी चिठ्ठी टाकूनच निवडला काय गं?"

तासाभरानं थिएटरचं दार उघडलं. सर बाहेर आले, मास्क काढायला हात वर गेला. सरांचा चेहरा म्हणजे गावची चावडी, मनातलं सगळं तिथं. रेणुकानं झटकन भिंतीकडं तोंड फिरवलं.

"बाबा बरे हायत ना, एवढंच सांगा."

"एकदम ठणठणीत."

"मग मास्क राहू द्या, सर. तीन महिने."