शेवटची दोन मिनिटं

माझ्या मोठ्या भावाचा, दादाचा, जीव टीव्हीत आहे. म्हणून मी टीव्हीच्याच जिवावर उठले.

टीव्ही बाहेरच्या खोलीत, माझा कॉम्प्युटर भिंतीपलीकडे. फोटो मोठे दिसावेत म्हणून दादानेच माझ्याकडून मध्ये वायर टाकून घेतली. त्याच वायरीतून, एक ओळ टाइप केली की टीव्ही बंद होतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. आठ महिने, मॅच रंगात आली की मी ती ओळ पाठवायचे. तीन मेकॅनिक हात टेकून गेले. मला अजिबात वाईट वाटलं नाही.

माझं काम रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं. ऐकू येईल तेवढंच, वेळेसकट, पदरचं काही न घालता. आजारी वडिलांजवळ, अप्पांजवळ, बसूनच करायचे. ते गेले त्या संध्याकाळी आई घरी नव्हती, मी त्यांचं औषध आणायला गेले, आणि टेबलावरचा रेकॉर्डर चुकून रेकॉर्डिंगवर चालूच राहिला. त्यातलं सगळं मी टाइप केलं, पण आईला दाखवलं नाही. नवरा गेलाच होता, निदान मुलगा तरी तिच्या मनातून उतरू नये. दादाने मात्र सगळ्यांना सांगितलं, ही बाहेर हिंडत बसली म्हणून अप्पा एकटे गेले. तेव्हापासून आईने माझ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, बस्स.

रविवारी आत्या आली. मॅच बघता बघता दादाने तिच्यापुढेही तेच तुणतुणं लावलं. मी तडक आत गेले. हात कचरू नये म्हणून त्या संध्याकाळची टाइप केलेली फाइल समोर उघडली, आणि मॅच अगदी संपत आल्यावर टीव्ही बंद केला.

दादा रिमोट तळहातावर आपटू लागला. इतक्यात आई माझ्या दारात आली.

"तुला कळतं ना त्यातलं? बघ की जरा."

आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलली. मी विरघळलेच. घाईघाईत चालू करायची ओळ पाठवली आणि तिच्या मागोमाग बाहेर आले. आजवर मी नुसता बंद करत आले होते, चालू दादाच करायचा. कॉम्प्युटरवरून चालू केला की टीव्ही कॉम्प्युटरचाच पडदा दाखवतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

"काय लिहिलंय गं? मी चष्मा नाही आणला," आत्या म्हणाली.

आई सावकाश वाचू लागली. "पाच बारा. अप्पा : बाळ्या, जरा ये रे. पाच चौदा. अप्पा : बाळ्या, छातीत दुखतंय. पाच पंधरा. दादा, बाहेरून : थांबा हो अप्पा, मॅचची शेवटची दोन मिनिटं राहिलीत..."

दादाने रिमोट दाबला. टीव्ही बंद.

"बंद का केलास?" आई म्हणाली. "खाली अजून एक ओळ होती."

आईने माझ्याकडे पाहिलं.

मी आत गेले आणि परत चालू केला.