कालवडीची मान

हाशूबनं जन्मभर जनावरं कापली होती, पण त्या सकाळी कुऱ्हाड त्याच्या हाताला जड लागत होती. रानात मुडदा सापडला आणि मारेकरी कळला नाही, की एफ्राइमच्या डोंगरात एक रीत होती. जवळच्या गावाच्या वडीलधाऱ्यांनी कधी जू न लावलेली कालवड वाहत्या ओढ्यावर न्यायची, खाटकाकडून तिची मान मोडवून घ्यायची आणि तिच्यावर हात धुऊन म्हणायचं, ‘हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही.’ एवढं झालं की गाव मोकळं. पुढं त्या खुनाचं कुणी नाव काढायचं नाही.

मुडदा सिस्मायचा होता, आणि मारेकरी कोण ते हाशूबला पक्कं ठाऊक होतं. झाबूदनं आपला बांध सरकवला, असं सिस्माय भर वेशीत बोलला होता. झाबूद म्हणजे वेशीत न्यायाला बसणाऱ्या वडीलधाऱ्यांतला सगळ्यात वजनदार माणूस. त्यानं सिस्मायला बांधावर गाठलं आणि बांधाचाच दगड उचलून त्याच्या तोंडावर घातला. आधी जबडा गेला, मग कपाळ. सिस्माय निपचित पडला तरी झाबूद दगड घालतच राहिला. शेजारच्या द्राक्षमळ्यातल्या मचाणावर हाशूब तोंडात बाही कोंबून हे सगळं बघत होता. एकाच्या साक्षीवर कुणाला दोषी धरत नसत, दोघं लागत. उलट साक्ष खोटी ठरली तर साक्षीदारालाच धोंडे मारून संपवत. नसती उठाठेव कशाला, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि स्वतःचीच त्याला किळस आली.

तेव्हापासून एक आवाज त्याच्या मागं लागला होता. कातडं सोलताना, भाकर मोडताना, एकच शब्द.

“बोल.”

“मी खाटीक माणूस. दुसरं कुणी बघ की,” हाशूब म्हणायचा. “आणि मी एकटा. दुसरा साक्षीदार कुठनं आणू?”

“दुसरा मी आहे.”

परमेश्वराला वेशीत उभं कोण करणार, हे विचारायची हाशूबची छाती झाली नाही.

ओढ्यावर सगळं गाव लोटलं होतं. झाबूदच्या शेजारी शेळ्या राखणारे म्हातारे अमोकबाबा उभे होते. सिस्मायची बायको हेला सुतकाचं गोणपाट नेसून, केसांत राख घालून एका बाजूला उभी होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

“आटप, खाटका,” झाबूद म्हणाला. “का जीव जडला कालवडीवर? लग्न लावून देऊ?”

लोक हसले. कालवड पाणी पीत होती. हाशूबनं कुऱ्हाड उचलली.

“बोल.”

त्यानं कुऱ्हाड ओढ्यात भिरकावली. “हिची मान कशाला मोडायची? सिस्मायला या झाबूदनं मारलं, बांधाच्या दगडानं. मी बघितलंय.”

झाबूदचा चेहरा हलला नाही. “आणखी कुणी बघितलं?”

“परमेश्वरानं.”

“ऐकलंत? परमेश्वर आता खाटकाच्या बाजूनं साक्षीला येणार. त्याचं नाव विटाळलं यानं. मी ऐकलं, अमोकबाबांनी ऐकलं. झाले दोन साक्षीदार.”

नाव विटाळण्याची शिक्षाही धोंडेच; पहिले साक्षीदारांनी मारायचे, मग गावानं. झाबूदचा धोंडा हाशूबच्या तोंडावर बसला. तो गुडघ्यांवर कोसळला, रक्ताबरोबर दात थुंकला. आता पाळी अमोकबाबांची होती. म्हातारा धोंडा घेऊन पुढं आला आणि तसाच उभा राहिला. मागं लोक धोंडे वेचून वाट बघत होते.

हाशूबनं मान वर केली. आवाज आता त्याच्या कानात नव्हता. फुटक्या ओठांतून तोच बाहेर आला.

“बोल.”

म्हाताऱ्यानं धोंडा छातीशी धरला. “मी शेळ्या घेऊन चाललो होतो,” अमोकबाबा म्हणाले. “झुडपामागं दडलो. मी पण बघितलं.”

“झाले दोन,” हेला म्हणाली.

झाबूद पळाला, पण गावानं त्याला ओढ्याच्या काठावरच धरून खाली पाडलं. अमोकबाबांचा धोंडा त्याच्या खांद्याला लागला. मग लोक थांबले, कारण दुसरा साक्षीदार उरला होता. हेलानं हाशूबच्या हातात धोंडा दिला.

“हाशूबा, लेका, तुझ्या पोराबाळांची आण,” झाबूद हात जोडून म्हणाला.

हाशूबनं आवाजासाठी कान दिला. कुणीच काही बोललं नाही. त्यानं धोंडा मारला. जनावराच्या कपाळावर घाव कुठं घालायचा हे त्याच्या हाताला माहीत होतं, तिथंच त्यानं मारला. मग गाव तुटून पडलं, आणि झाबूदचा चेहरा ओळखू येईनासा झाला तरी धोंडे पडतच राहिले. सिस्मायवर पडले होते तसेच.

सगळे पांगल्यावर हाशूब हात धुवायला पाण्याशी वाकला. ते बोल त्याच्या ओठांवर आपसूक आले, ‘हे रक्त आमच्या हातांनी...’ आणि ‘हातांनी’पाशीच तो थांबला. कालवड थोड्या अंतरावर चरत होती. त्यानं हात न धुताच पाण्यातून मागं घेतले, अंगरख्याला पुसले नाहीत, आणि तसाच घरी गेला.