पडद्यावरचा गडद निळा

मावशीच्या संगणकाच्या पडद्यावर मधोमध तळहाताएवढा भाग बाकीच्यापेक्षा स्वच्छ होता. कडांना बारीक धूळ होती. मधली काच मात्र इतकी घासलेली, की तिच्यात खिडकीची चौकट दिसत होती. कुणीतरी रोज त्याच जागी गोल गोल फडकं फिरवलं होतं.

मावशी रफूचं काम करते. कोटाला पडलेलं भोक ती त्याच रंगाच्या धाग्याने असं भरते, की मालकालाही जागा शोधावी लागते. धागे हल्ली संगणकावरून मागवते; ते मीच तिला शिकवलं. धाग्यांच्या रंगांचा तक्ता उघडतो, नेमकी तीच जागा पुसलेली होती.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली. "काळा आणि गडद निळा एकच दाखवतंय. नावं नाहीत, नुसते क्रमांक. निळा समजून मागवला तो काळा निघाला, आणि मी तो वकिलाच्या कोटाला वापरला. कोट परत घेऊन आला बिचारा. माझं काम आजवर कधी परत आलं नव्हतं गं."

"फोनवर तू सांगितलंस ते सगळं केलं," काका म्हणाले. "बंद केलं, चालू केलं, वायर काढून घातली. आता त्याच्यापुढे हात जोडायचे तेवढे राहिलेत."

"तुम्ही गप्प बसा. शास्त्रज्ञबाई आल्यात ना, त्यांना बघू दे."

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. एखादा आकडा पटला नाही, तर आधी यंत्र तपासायचं, बघणाऱ्याकडे नंतर वळायचं, अशी आमची रीत. मी पडद्याचा उजेड वाढवला. रंगांची मांडणी मूळ स्थितीत आणली.

"आता?"

"छे."

मग माझा लॅपटॉप शेजारी ठेवून त्यावर तोच तक्ता उघडला. मावशीने मान पुढे काढून निरखलं.

"तुझाही बिघडलाय," ती म्हणाली.

काका खिडकीबाहेर बघू लागले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगून वर्ष होऊन गेलं होतं. उजवा डोळा जास्त खराब, आणि सवयीने ती बघायची त्याच डोळ्याने. विषय निघाला की मावशी म्हणायची, हातातलं काम संपू दे. आणि तिच्या हातातलं काम कधी संपत नाही. मोतीबिंदूने निळा रंग मंदावतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण ते तिला मी सांगायचं? शाळेत असताना याच खिडकीत तिने माझ्या हातात भिंग दिलं होतं, कापडाचा तुकडा पुढे सरकवला होता आणि म्हणाली होती, "घाई करू नकोस. दिसेपर्यंत बघ." आजही सूक्ष्मदर्शकावर वाकले की तोच आवाज ऐकू येतो. माझी नजर तिने घडवली आहे.

मी तिच्या डब्यातून दोन रिळं काढून उजेडात ठेवली.

"मावशी, यातलं निळं कुठलं?"

तिने दोन्ही उचलली, फिरवली. "दोन्ही काळीच आहेत."

"उजवा डोळा झाक बरं."

तिने झाकला. बराच वेळ बघितलं. मग डावीकडचं रीळ हळूच पुढे ठेवलं.

"हे. हे निळं." हात खाली घेतला, पुन्हा डोळ्यावर ठेवला, पुन्हा खाली घेतला. "म्हणजे मशीन ठीक आहे."

"ठीक आहे."

"उगाच घासत बसले मी त्याला."

"स्वच्छ तरी झालं," काका म्हणाले. "घरातल्या बाकीच्या काचाही बिघडल्या असत्या, तर बरं झालं असतं."

मावशी हसली, पण बोटं रिळावरून निघेनात. "आणि डोळा हातचा गेला तर? सुई सोडून मला दुसरं काय येतं?"

सहसा तसं होत नाही, पण कधीच होत नाही असं तिला सांगणं खरं झालं नसतं.

"नवा धागा तू थेट कोटावर घालतेस का?" मी विचारलं.

"वेडी आहेस का? आधी आतल्या शिवणीवर करून बघते. तिथे जमला तर बाहेर."

"डॉक्टरही तसंच करतात. आधी एकच डोळा. तो नीट झाला, की मग दुसऱ्याचं बघायचं. डाव्याला तोवर कुणी हातही लावत नाही."

तिने पदराने पडद्याची धुळकट कड पुसली, मग मधला चकचकीत भागही एकदा पुसला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी भिंग परत घेताना ठेवायची तसाच.

"बरं झालं, नुसत्या फोनवर भागवलं नाहीस. आलीस," ती म्हणाली. मग काकांकडे वळली. "अहो, ऐकताय ना? डॉक्टरांना फोन लावा. ऑपरेशन करून घेते मी. आधी उजवा."