चौघांपुरती जागा

नदीपलीकडच्या वस्तीत घरं जाळली गेली, त्यानंतर तीन दिवसांनी ट्रकमधून सतरा मुलं शहरात आली. त्यातली चार भावंडं या गल्लीच्या वाट्याला आली. नऊ वर्षांची मोठी, सहा वर्षांचे जुळे भाऊ आणि नुकताच पाऊल टाकायला लागलेला धाकटा. आईवडिलांचा पत्ता नव्हता. चौघांना एकत्र ठेवायला कोणाकडेच जागा नव्हती. म्हणून धाकटा नर्सताईंकडे गेला, जुळे बेकरीवाल्याकडे आणि मोठी शिंपीणकाकूंकडे. तिन्ही घरं हाकेच्या अंतरावर. गल्लीला वाटलं, चला, लागली सोय.

आठव्या दिवशी काकूंची मोजपट्टी गायब झाली. दुपारी ती जागेवर आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाहीशी. काकूंचा स्वभाव मुळातच चौकस. उसवलेली शिवण बघून माणूस कुठे आणि कसा पडला, ते सांगायच्या. त्या मुलीला रागावल्या नाहीत. नुसतं लक्ष ठेवलं.

मुलगी घरोघरी जाऊन विचारत होती, "जरा मोजू का?" बेकरीवाल्याची पिठाची खोली मोजून झाली, समोरच्या इमारतीच्या जिन्याखालची जागाही झाली.

"पडदे शिवताय की काय आम्हाला?" बेकरीवाल्यानं काकूंना विचारलं.

"मलाही तेच कोडं पडलंय," काकू म्हणाल्या.

नर्सताईंनी तर वेगळंच सांगितलं. "मी धाकट्याला वजनकाट्यावर ठेवलं, तर म्हणते कशी, वजन नको, तो आडवा झाल्यावर किती रुंद होतो ते सांगा!"

आता मात्र काकूंना राहवेना. संध्याकाळी बटणं लावता लावता त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. "काय मोजतेस गं एवढं?"

मुलगी दचकली. मग म्हणाली, "जागा. आम्ही चौघं शेजारी शेजारी झोपलो की अडुसष्ट इंच लागतात. धाकट्याला कुशीत घेतलं तर साठ."

"मग मिळाली?"

"नर्सताईंच्या व्हरांड्यात बासष्ट आहेत. पण मग दार उघडत नाही."

"आणि माझ्याकडे?"

मुलगी बटणांच्या डबीकडे बघत राहिली. "मधल्या खोलीत शंभराच्या वर आहेत. पण तिथे तुमचं सामान आहे."

"ते कधी मोजलंस?"

"आले त्याच दिवशी. वितीनं."

"अगं, मग विचारायचं नाही का?"

"तुम्ही एकीलाच घेतलं होतं ना."

काकूंनी सुई टोचून ठेवली. मधल्या खोलीत चिंध्यांची गाठोडी होती आणि नवऱ्याची जुनी शिलाई मशीन. तो गेल्यापासून अकरा वर्षं त्यांनी ती कोणाला हलवू दिली नव्हती. त्या बराच वेळ खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मग खिडकीतून ओरडल्या, "बेकरीवाले, दोन माणसं घेऊन या!"

"वहिनी, ही मशीन आहे की हत्ती?" घामाघूम झालेला बेकरीवाला म्हणाला. मशीन पुढच्या खोलीत आली. गाठोड्यांतल्या चिंध्या भरून काकूंनी दोन गाद्या शिवल्या. धाकट्याची अंघोळ नर्सताईंनी सोडली नाही. दुपारचं जेवण बेकरीवाल्याकडे ठरलं, कारण जुळ्यांचा त्याच्या बायकोला लळा लागला होता.

पावणेतीन महिन्यांनी मुलांच्या मावशीचा शोध लागला. एका छावणीतून दुसरीत हिंडत ती आली तेव्हा तिच्या हातातल्या चिठ्ठीवर चौघांचे तीन वेगवेगळे पत्ते होते. दारात लहान चपलांच्या चार जोड्या बघून ती थबकली.

"सगळे इथेच?" एवढंच तिला विचारता आलं.

काकू तिला बसा म्हणेपर्यंत जुळ्यांनी दोन्ही हात धरून तिला आत ओढलं. भिंतीकडची बाजू कोणाची यावर त्यांचं सकाळपासून पेटलं होतं आणि त्यांना निकाल लावणारं माणूस हवं होतं. मावशी रडत रडतच गादीवर बसली आणि म्हणाली, "आधी सांगा, भांडण सुरू कोणी केलं?"