पित्तराची हातबत्ती

भोकरदनला रेल्वे नाही. रूळ नाहीत, फाटक नाही, शिट्टी ऐकू येईल इतक्या जवळून गाडीही जात नाही. त्यामुळे रेल्वेतून निवृत्त होऊन राहायला राजानंदला याच्याइतकं सोयीचं गाव दुसरं मिळालं नसतं. सारी नोकरी त्यानं पार्सल ऑफिसात गठ्ठ्यांवर नंबर टाकण्यात घालवली होती. पण बसस्टँडमागच्या गल्लीत तो 'रेल्वेवाले साहेब' होता. वासरात लंगडी गाय शहाणी, हे त्यालाही कळत होतं, आणि ती लंगडी गाय होण्याचा त्याला कंटाळाही नव्हता. सिग्नल, इंजिन, रुळांचे सांधे, कशावरही तो बोलायचा. गल्ली बिचारी ऐकून घ्यायची.

ऐकून घेत नव्हती ती एकटी सासू. केशरबाईचा सगळा संसार परतूरकडच्या एका फाटकाशेजारच्या खोलीत झाला होता. नवरा बद्रीनाथ तिथं गेटमन होता. तो वारला, मागं एकुलती एक मुलगी सुरेखा, म्हणून म्हातारी नाइलाजानं जावयाच्या घरी राहायला आली. जावयाचं अन्न खावं लागतं याची तिला इतकी लाज, की जेवताना ती भिंतीकडं तोंड करून बसायची. जावयाशी बोलायचं नाही, ही तर त्यांच्याकडची जुनी रीत. राजानंद दिसला की पदर कपाळापर्यंत यायचा, आणि तो हाताच्या अंतरावर बसलेला असला तरी ती मुलीलाच सांगायची, "त्यांला म्हणावं, चहा निवून राह्यला." लग्न झाल्यापासून एक शब्द तिनं त्याला सरळ बोललेला नव्हता.

रीत म्हटल्यावर तक्रार कसली करणार? पण त्याला आतून वाटायचं की रीत हे नुसतं निमित्त आहे, म्हातारीच्या लेखी आपण रेल्वेवाले नाहीच. एकदा ती शेजारणीला सांगताना त्यानं ऐकलं होतं, "जावई व्हते रेल्वेत. पण गाडीशी काई संबंध न्हाई." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून ते त्याला जास्तच लागलं.

येताना केशरबाईनं बद्रीनाथची हातबत्ती बरोबर आणली होती. रॉकेलवर जळणारी, पत्र्याच्या डब्यासारखी, पुढं जाड भिंग. वरची टोपी फिरवली की आतली लाल किंवा हिरवी काच जोतीपुढं यायची. पितृपंधरवड्यात बद्रीनाथच्या तिथीला दुपारी पान वाढून झालं, की दिवेलागणीला ती ही बत्ती अंगणात दक्षिणेकडं तोंड करून, हिरवी करून ठेवायची. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांना हिरवा दाखवला, आता त्यांना कोण दाखवणार, असं तिचं म्हणणं. हिरवा दिसला की ते निर्धास्त येतात, जेवलेलं त्यांना पावतं आणि ते पुढं जातात. गेल्या वर्षी बत्तीची टाकी गळाली, ती पेटलीच नाही. ते कुठंतरी वाटेत खोळंबले असतील, या विचारानं म्हातारी वर्षभर कुढत राहिली.

यंदा तिथी जवळ आली तसं राजानंदनं जाहीर केलं की बत्ती मी दुरुस्त करणार. सुरेखानं विचारलं, तुम्ही ती कधी हातात तरी धरली का? पार्सल ऑफिसातही बत्त्या होत्या, असं त्यानं ठणकावून सांगितलं. होत्या. कपाटावर, धूळ खात.

बत्ती घेऊन तो अजमतच्या दुकानात गेला. अजमत पूर्वी स्टोव्ह दुरुस्त करायचा, आता मिक्सर आणि गॅसच्या शेगड्या करतो. पण डाख द्यायचं सामान त्यानं अजून जपून ठेवलं होतं. त्यानं टाकी झाळली, गळती थांबवली, बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळून काढला, नवी वात घातली. राजानंदनं चिंच आणि राख लावून पत्रा घासला. वर्षानुवर्षांची काजळी निघाली, आतल्या काचा लख्ख झाल्या, आणि राजानंद बघतच राहिला. लाल काच लाल होती. हिरवी मात्र हिरवी नव्हतीच, निळी होती.

त्यानं काच उन्हात धरली, निळीच दिसली. खात्री असावी म्हणून मोबाईलचा टॉर्च मागून लावला, तरी निळीच. मग मात्र त्याच्यातला रेल्वेवाला जागा झाला. सासरे भोळा माणूस, मिळाली ती काच बसवून मोकळे झाले, असं त्यानं दुकानातल्या गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं. रेल्वेत निळा सिग्नल कुठं असतो का? अजमत म्हणाला, तुम्ही रेल्वेचे, तुम्हाला जास्त माहीत. आणि हिरव्या बाटलीची काच कापून, कडा घासून त्यानं ती जागेवर बसवली. टॉर्च लावल्यावर ती अशी हिरवीगार दिसली की राजानंद अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. थोडं रॉकेलही त्यानं अजमतकडूनच घेतलं आणि घरी येऊन काचेबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हातारी बघेल, पदर मागं सारेल आणि म्हणेल, जावईबापू, तुम्ही खरे रेल्वेवाले. हे वाक्य त्यानं तिच्या वतीनं मनात कैक वेळा म्हणून पाहिलं. निळी काच त्याच्या खिशात तशीच राहिली होती. तिथीच्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा त्यानं ती कचऱ्यात टाकून दिली.

दुपारी पान वाढलं, कावळाही लवकर शिवला. दिवेलागणीला केशरबाईनं अंगण झाडलं आणि स्वतः बत्ती पेटवली. टाकी गळली नाही, जोत सरळ उभी राहिली. कोपऱ्यात उभ्या राजानंदची छाती फुगली. म्हातारीनं टोपी फिरवली.

भिंगातून जो उजेड आला तो हिरवा नव्हता. पातळ वरणासारखा, मळकट पिवळा. केशरबाईनं पदरानं भिंग पुसलं, वात खाली केली, वर केली. उजेड तसाच. तिनं टोपी उघडून काचेवर बोट फिरवलं आणि तिचा हात तिथंच थांबला.

राजानंदला सगळं एकदम कळलं, आणि कळायला कुणी सांगावंही लागलं नाही. रॉकेलची जोत पिवळी. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे त्याला पहिलीच्या बाईंनी शिकवलं होतं. ती काच पिवळ्या जोतीसाठीच निळी केलेली होती, आणि हा शहाणा ती मोबाईलच्या पांढऱ्या उजेडात तपासून आला होता. सासरे भोळे नव्हते. भोळा म्हणायचीही सोय नसलेला एक गाढव मात्र अंगणात उभा होता, आणि त्यानं खास या दिवसासाठी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता.

"जुनी काच कुठंय, विचार," केशरबाई मुलीला म्हणाली.

सुरेखानं विचारायच्या आतच तो बोलला. घंटागाडीत गेली, मीच टाकली. म्हातारीचं तोंड पदराआड होतं. पदराचा काठ हलायला लागला तेव्हा ती रडतेय हे त्याला दिसलं, आणि त्याला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग केशरबाईनं डोळे पुसले. टोपी परत फिरवली. अंगणात लाल उजेड पडला. तिनं पदर कपाळावरून मागं सारला आणि सरळ राजानंदकडं पाहिलं.

"जावईबापू, मी लाल लावून ठेवते. लाल असल्यावर ते पुढं जायचे न्हाईत. तुमी काच घेऊन या."

सुरेखा आईकडं बघत राहिली. राजानंद स्कूटर काढून कधीच गल्लीबाहेर गेला होता.

कचरा निवडायची शेड गावाबाहेर होती. तिथल्या बायका घरी निघाल्या होत्या. काचेनं हात कापतो म्हणून त्या काचा वेगळ्या पोत्यात टाकतात, असं एकीनं सांगितलं आणि पोत्याकडं बोट केलं. रेल्वेवाले साहेबांनी ते पोतं शेडमध्ये ओतलं. औषधाच्या बाटल्या, फुटलेले आरसे, लोणच्याच्या बरण्या. सदऱ्याला कसलं तरी तेल लागलं, बोट कापलं, वास असा की आपलाच श्वास नकोसा झाला. तिथं गुडघ्यावर बसल्या बसल्या त्याला हसू आलं. नोकरीभर गठ्ठे उचकले, निवृत्तीनंतरही तेच नशिबात. काच सापडली ती पोत्याच्या तळाशी. एक टवका उडाला होता, बाकी शाबूत होती.

तो परतला तेव्हा केशरबाई लाल उजेडाशेजारी तशीच बसलेली होती. तिनं काच धुतली, चिमट्यानं जागेवर बसवली, टोपी फिरवली. अंगणात हिरवा उजेड आला, नितळ, शेपूच्या कोवळ्या पानासारखा. राजानंदनं मागं सरकून वाट करून दिली. आपलं काम संपलं असं त्याला वाटलं.

पण म्हातारीनं बत्ती खाली ठेवलीच नाही. ती त्याच्यापुढं धरली.

"आज तुमी दाखवा. हातात धरून."

रक्त लागलेलं बोट सदऱ्याला पुसून त्यानं कडी धरली. उभ्या नोकरीत त्यानं एकाही गाडीला सिग्नल दाखवला नव्हता. बत्ती वाटली होती त्यापेक्षा जड होती आणि वरचा पत्रा हाताला भाजत होता. दक्षिणेला शेजाऱ्याची भिंत, तिच्यापुढं बसस्टँड, त्याच्यापुढं अंधारलेली शेतं. तो हात ताठ करून उभा राहिला. खांदा भरून आला तसं त्यानं न राहवून विचारलं, किती वेळ धरू?

"शेवटचा डबा निघून जाईस्तोर," केशरबाई म्हणाली.

शेवटचा डबा गेला हे कळणार कसं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. तो बत्ती धरून उभा राहिला.