मुंग्यांनी दिलेला दाखला

लाखनीपासून आत, तलावाच्या पाळीवरच्या आंब्याखाली दर गुरुवारी दोनशे माणूस जमायचं. प्रत्येकाच्या हातात बाटली. औषधाची, तेलाची, ज्याला जी सापडली ती. बाटलीत सकाळची पहिली लघवी. हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्या काळात मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

झाडाखाली मातीच्या वाट्या ओळीनं मांडलेल्या असत. साखरेचा आजार मंत्रानं घालवतो म्हणणाऱ्या एका बाबांचा चेला घनश्याम प्रत्येक वाटीभोवती पांढरं रिंगण घालायचा. मग लोक आपापलं पाणी वाटीत ओतून उकिडवे बसायचे आणि मुंग्यांची वाट पाहायचे. लघवीला मुंग्या लागल्या की साखर, ही आपल्याकडची जुनी तपासणी. बाबांनी तिच्यावरच दुकान थाटलं होतं. पहिल्या गुरुवारी मुंग्या यायच्या. बाबा मंत्र पुटपुटायचे आणि सुया-गोळ्या समोरच्या बादलीत टाकायला लावायचे. दुसऱ्या गुरुवारी वाटीकडे एक मुंगी फिरकायची नाही. तिसऱ्याही गुरुवारी आली नाही की माणूस बरा झाला.

"मुंगी झूट बोलत नाई," बाबा म्हणायचे. "डॉक्टरची मशीन बोलते. मशीनले सेल लागते. मुंगीले कोन्ता सेल लागते, सांगा बरं?"

लोक माना डोलवायचे. सेलचा मुद्दा बिनतोड होता.

मी रिता. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते, आणि मीही त्या ओळीत बाटली घेऊन उभी होते. हसायचं तर हसून घ्या.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी माझी साखर निघाली. मी दहावीत होते. माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, म्हणून तेव्हापासून रोज टोचून घेते. एकोणचाळिसाव्या वर्षी गर्भाशयात गाठी निघाल्या. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जायचं. दोनदा रक्त चढवलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पिशवी काढावी लागेल. "आधी साखर ताब्यात आणू. महिनाभर नीट मोजा, लिहून ठेवा. ऑपरेशनच्या दिवशी सलाईनमधून इन्सुलिन देऊ. आणि एक लक्षात ठेवा, इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. बंद केलं तर जीव जाईल."

घरी येऊन मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सासूबाईंनी, कुंताबाईंनी, त्यातलं एकच ऐकलं.

"डॉक्टरीन बी थांबा म्हन्ते ना? तिले बी मालूम हाय. साखरवाल्याची जखम भरत नाई. पोट फाडलं तं तसंच राहीन."

"आई, साखर ताब्यात असली की भरते."

"तू तं शिकलेली. आमी पाह्यलं हाय."

नवरा कमलेश मध्ये पडला. रुग्णालयाच्या कागदावर त्याची सही लागणार होती. "आईचं मन राख ना. तीन गुरुवार तं आहेत. तिसऱ्या गुरुवारी बी मुंग्या आल्या तं सही करतो. नाई आल्या तं ऑपरेशन कायले पाहिजे?"

माझ्या जिवाचा फैसला मुंग्यांवर सोपवला गेला, आणि मी "बरं" म्हणाले. भांडायला अंगात रक्तच नव्हतं.

पहिल्या गुरुवारी मुंग्या आल्या. सासूबाईंनी माझं इन्सुलिन पदराखालून काढून स्वतःच्या हातानं बादलीत टाकलं. बाबा माझ्या पोटाकडे पाहत म्हणाले, "गाठ साखरेवर पोसते, माय. साखर तोडली का गाठ उपाशी मरते. देवानं देल्ली पिशवी डॉक्टरच्या हाती कायले देतेस?"

इन्सुलिनची दुसरी बाटली शाळेत होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मी तिथे टोचून घेत राहिले. घरी सांगितलं, बंद केलं.

दुसऱ्या गुरुवारी मुंग्या आल्या नाहीत. सासूबाई बाबांच्या पाया पडल्या. बाबांनी घरी रिंगण घालायला भस्माची पुडी दिली. ती उघडली तेव्हा वास ओळखीचा वाटला. शाळेत पोषण आहाराच्या तांदळाच्या कोठीत आम्ही मुंग्यांची पावडर टाकतो, तोच वास. मग घनश्यामची कंबर आठवली. तिला दोन पिशव्या होत्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. पहिल्या खेपेच्या लोकांना तो डावीकडचं पीठ घालायचा, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्यांना उजवीकडचं. मी दोन्ही वेळा पाहिलं होतं आणि डोक्यात काही शिरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातवीच्या मुलांना चार वाट्या मांडायला लावल्या. दोन वाट्यांत गुळाचं पाणी, दोनमध्ये साधं विहिरीचं. गुळाच्या एका वाटीभोवती तांदळाचं पीठ, डावीकडच्या पिशवीत तेच असणार असा माझा अंदाज होता; दुसरीभोवती बाबांचं भस्म. साध्या पाण्याचंही तसंच. मधल्या सुट्टीपर्यंत पीठ घातलेल्या दोन्ही वाट्यांना मुंग्या लागल्या, साध्या पाण्याच्यासुद्धा. भस्माच्या दोन्ही वाट्यांकडे एकही मुंगी फिरकली नाही, गुळाच्यासुद्धा. मुलांनी हात धुतले, वहीत लिहिलं आणि विचारलं, "मॅडम, परीक्षेत येईल का?"

तिसऱ्या गुरुवारी मी बाटलीत गुळाचं पाणी भरलं.

घनश्यामनं उजवीकडच्या पिशवीतून रिंगण घातलं. मी अर्धी बाटली वाटीत ओतली. अर्धा तास गेला. मुंगी नाही. बाबा उठले.

"पाहा, पाहा. मास्तरीनबाई हाय, सायन्स शिकवते. तिची साखर गेली. मुंगीनं दाखला देल्ला. बोला, आता पोट फाडाव का?"

"नाई फाडाव," लोक म्हणाले.

तोवर मला घाम सुटला होता. हात थरथरत होते. सकाळी इन्सुलिन टोचलं होतं आणि ओळीत उभं राहण्यात खाणं राहून गेलं होतं. साखर खाली चालली होती. हे काही ठरवून केलेलं नव्हतं. मी बाटली तोंडाला लावली आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं.

बायका मागे सरकल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. सासूबाई म्हणाल्या, "रिता, काय करून राहिली वो?"

"गूळ आहे आई. आपल्या घरचा." हात थोडे स्थिर झाल्यावर मी उभी राहिले. "त्या वाटीत माझी लघवी नाही. गुळाचं पाणी आहे. बाबांच्या मुंगीला गूळही कळत नाही. घनश्यामभाऊ, तुमच्या दोन्ही पिशव्या दाखवा. एकीत तांदळाचं पीठ आहे, त्याला मुंग्या अशाही येतात. दुसरीत मुंग्या मारायची पावडर आहे."

घनश्यामनं कंबर दाबून धरली. कमलेशनं जाऊन पिशवी ओढली, वास घेतला आणि शेजारच्याच्या हातात दिली. ती हातोहात फिरली. बाबा म्हणत होते, या बाईच्या अंगात पाप शिरलं आहे. काही लोक त्यांच्यामागे गेले. बाकीचे बादलीशी वाकून आपापल्या गोळ्या शोधू लागले. मला आनंद झाला नाही. बसावंसं वाटत होतं.

कमलेशनं सही केली. साखर ताब्यात आल्यावर ठरलेल्या ऑपरेशनच्या दिवशी तासातासाला बोट टोचून साखर मोजली, सलाईनमधून इन्सुलिन कमीजास्त केलं. पिशवी निघाली. भेटायला आलेल्या बायका विचारत, रडली नाही का? नाही रडले. पुढे टाके निघाले, जखम नीट भरली.

टाके अजून होते तेव्हा, ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी, वॉर्डात मी मशीनवर साखर पाहत होते. सासूबाईंनी बोट पुढे केलं.

"माह्यी बी साखर पाह्य."

आकडा आला तीनशे अठरा.

"म्या बी वाटी ठेवत होती," त्या म्हणाल्या. "उपकेंद्रातल्या ज्या गोळ्या म्या डोकेदुखीच्या म्हनून खात होती, थ्या साखरेच्या होत्या. तुमाले सांगतलं नाई. पहिल्या गुरुवारी बादलीत टाकल्या. मंग मुंग्या नाई आल्या तं वाटलं, गेली साखर." मग लुगडं वर करून त्यांनी पाय दाखवला. अंगठा काळा पडला होता.

कित्येक महिन्यांनी मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. राग आला. इतका की टाक्यांत कळ उठली. त्या म्हाताऱ्या बाईवर नव्हे. तिला स्वतःच्या पायाची भीती होती आणि ती माझ्या पोटाचं नाव पुढे करून बोलत होती, हे मला घरात राहून कळलं नव्हतं. राग आला तो मुंग्यांची पावडर कमरेला लावून माणसाच्या भीतीवर जगणाऱ्यांचा.

सासूबाईंचा अंगठा काढावा लागला. पाय वाचला. आता त्या रोज सकाळी माझ्या आधी मशीन घेऊन बसतात.

तुम्हाला एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर तो दुसऱ्यांदा करायला लावा, आणि त्या वेळी वाटीत काय टाकायचं ते तुम्ही ठरवा. चालू औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि घरात कुणी फार आग्रहानं बाबाकडे चला म्हणत असेल, तर त्याच्याशी भांडण्याआधी त्याला विचारा, तुझं काय दुखतं?